शून्याची रेघ

हिरवट युरेनियमच्या द्रावणातून प्रकाश सोडला की पडद्यावर डोंगररांगेसारखी एक रेघ उमटते. कोणता रंग किती गिळला गेला, ते तिच्या उंचवट्यांवरून कळतं. दुपारपासून मी त्यातल्या एका बुटक्या उंचवट्याशी झगडतोय. गणितात त्याची जागा एकीकडे आहे आणि रेघेत तो भलतीकडे सरकलाय. डोळे चुरचुरताहेत.

"ब्लँक परत घेऊ या का, सर?" शेजारच्या टेबलावरून वैशालीनं विचारलं. ब्लँक म्हणजे युरेनियम न घातलेलं नुसतं आम्ल. ते आधी यंत्रात ठेवायचं आणि जे दिसेल त्याला शून्य म्हणायचं. मग पाणी, आम्ल, काचेची कुपी, सगळं वजा होतं.

ब्लँक परत घेतला. उंचवटा जागचा हलला नाही. वजा होतं ते लांबचं पाणी. युरेनियमच्या आयनाला अगदी बिलगलेले पाण्याचे रेणू तसे वजा होत नाहीत. तेच त्या उंचवट्याला जरासं ओढून नेतात. द्रावणात नुसता, एकटा आयन आम्ही कधी पाहिलेलाच नाही.

फोन वाजला. बायकोचा होता.

"आवाज असा का येतोय तुझा? फार दमलायस का?"

"नाही गं, रोजच्याइतकाच."

फोन ठेवला आणि पडद्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं रोजचा शीण आधीच वजा करून मी स्वतःकडे बघत आलो होतो. तिला मात्र तो माझ्या एका 'हॅलो'त सगळाच्या सगळा ऐकू आला होता.