टोपीतलं पाणी

तळ्याचं पाणी चांगलं आहे की बिघडलंय हे सांगणारा सेन्सर दर सोमवारी मी दोरीनं वर ओढतो. टोकावर हिरवट, बुळबुळीत थर चढलेला असतो. तो मऊ ब्रशनं काढायचा, टोक सुकू नये म्हणून थोडं स्वच्छ पाणी घातलेली रबरी टोपी त्यावर बसवायची, वायर पुसायची आणि सेन्सर पुन्हा सोडण्याआधी टोपी काढायची. इतकंच काम.

गेल्या उन्हाळ्यात एकदा टोपी काढायची राहिली. आठवडाभर ऑफिसातल्या पडद्यावर आकडे सरळ रेषेत चालले होते आणि मला बरं वाटत होतं. सेन्सर तळ्यात होता, पण मोजत होता टोपीतलं घोटभर पाणी. पुढच्या सोमवारी काठाला मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. तिथं मासेमारी करणारे सखारामदादा एवढंच म्हणाले, "साहेब, चार दिस पाण्याला वास येत हुता. म्हटलं, तुमचं यंत्र हाय की."

तेव्हापासून कुठलीही गोष्ट रोज तितकीच ठीक असली, की मला भीती वाटते. धाकटी बहीण सासरहून फोनवर रोज एकाच सुरात "मी मजेत" म्हणते, तेव्हाही.

आता टोपी काढली की हात उंच करून मी ती होडीतल्या सखारामदादांना दाखवतो. ते मान हलवतात. मग वाकून ओंजळभर पाणी घेतात आणि नाकाशी नेतात.