विहीर होईपर्यंतचा परवाना

मुलांनो, तिकडे इमारतींच्या कामावर परमुलखातून माणसं आणायची तर मालकाला सरकारकडून परवाना काढावा लागतो, काम संपलं की माणसाला परत पाठवावं लागतं आणि बायकोला बरोबर ठेवायचं म्हटलं की निराळाच घोळ, असं तुम्ही पत्रात लिहिलंत. तुम्हाला ते नवं वाटलं. मला वाटलं नाही. असा एक परवाना मी स्वतः सोलापुरात काढला आहे, आणि त्यात कोणी समुद्र ओलांडलेला नव्हता.

त्या काळचा मुलूख आधी समजून घ्या. सोलापूर इंग्रजांचं, म्हणजे खालसा. अक्कलकोट संस्थानी. तुळजापूर-नळदुर्गाकडे निघालात की निजामाची हद्द लागे, तिला सगळे मोगलाई म्हणत. न्याहारी करून बैलगाडीत बसलेला माणूस दुपारच्या जेवणाला दुसऱ्या राज्यात असे. पीक तेच, बोली तीच, लग्नंसुद्धा इकडून तिकडे होत. सरकारं तेवढी वेगळी.

माझं लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे येई. तुमच्या आजोबांचा सारा दिवस सुताच्या पेठेत जाई. घर चालवत होत्या माझ्या सासूबाई. आम्ही लिंगायत, घरात निम्मं कानडी, म्हणून त्यांना सगळे अव्वा म्हणत, आळीही म्हणे. अव्वांच्या वडिलांनी त्यांना गावाबाहेर, अक्कलकोटच्या वाटेवर एक जागा दिली होती. तिथे त्यांना घर बांधायचं होतं, आणि घराच्या आधी विहीर.

"भिंतीला पाणी कुटनं आणायचं? पैली हीर, मग भिंती," असा त्यांचा हिशेब होता.

विहिरीसाठी त्यांनी वडारी जोडपं ठरवलं. नवरा तिशीचा, कमी बोलणारा. बायको त्याच्याहून उंच आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारी. तिला दिवस गेले होते, पोट दिसत होतं. दोन गाढवं आणि राहायला एक कापडी पाल, एवढा त्यांचा संसार. त्यांची रीत अशी की काम जोडीनं घ्यायचं. तो खाली सुतकीनं, म्हणजे त्या मोठ्या घणानं, पाषाण फोडायचा. ती दगड पाटीत भरून वर चढायची, वर बसून छिन्नीनं त्याच्या कडा साफ करायची. मजुरीही जोडीची ठरे. एकट्या माणसाला त्यांच्यात कोणी काम सांगत नसे.

अव्वा रोज लिंबाखाली घोंगडी टाकून बसत आणि घाई करत. "काय गं, दगडाशी बोलत बसलीस व्हय? उचल की!"

"अव्वा, तू उतर खाली. मी बसते घोंगडीवर अन् तुला वरडते," ती वडारीण म्हणे. अव्वांना उलट बोललेलं खपत नसे, पण हिचं खपे. मला ते कोडं होतं.

एके दिवशी चौकीवरचा हवालदार आला. शहरात तेव्हा बराच गोंधळ होऊन गेला होता आणि बाहेरून येणाऱ्यांवर सरकारची नजर होती. त्यानं एक छापील हुकूम माझ्या हातात ठेवला. परक्या हद्दीतला मजूर कामावर ठेवायचा तर ठेवणाऱ्यानं कचेरीतून परवाना घ्यावा, त्याच्या वर्तनाची हमी द्यावी, आणि काम संपल्यावर आठवड्याच्या आत त्याला हद्दीपार करून तसं कळवावं. परवाना नसेल तर मजुरानं ताबडतोब निघावं. मी मराठीत सांगितलं तेव्हा अव्वा एवढंच म्हणाल्या, "हे आपले हायेत का परके? इचार त्यांना."

विचारलं. वडारी मोहोळच्या अलीकडे, रेल्वेच्या भरावावर जन्मलेला. त्याचा बाप तिथे मातीकाम करत होता. म्हणजे खालसातला, त्याला काही लागणार नव्हतं. ती जन्मली नळदुर्गाच्या पलीकडे, तळ्याच्या बंधाऱ्यावर. म्हणजे मोगलाईतली. एका पालात दोन सरकारं निघाली, आणि बायकांना परवाना सहसा मिळत नाही असं हवालदार म्हणाला, म्हणजे तिला जायला लागणार होतं.

"एकली कशी जाईल?" वडारी पहिल्यांदाच आपण होऊन बोलला. "दिवस भरत आलेत. तितं तिचं कुनी न्हाय. आईबाप मेले."

"मग दोघंबी जावा," हवालदार म्हणाला.

म्हणजे विहीर अर्धी पडली असती, आणि त्यांची मजुरी काम पुरं झाल्यावर मिळायची होती. पण तो विचार मागाहूनचा. त्या घटकेला मला दिसत होतं ते एवढंच, की त्या बाईचं बाळंतपण कुठल्या माळावर आणि कोणाच्या हाती होणार.

मी तो हुकूम पुन्हा नीट वाचला आणि मला वाट सापडली. हुकूम मजुरांपुरता होता. बायको म्हणून नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईबद्दल त्यात अक्षर नव्हतं. ती मजूर नाही, नुसती बायको आहे, असं कचेरीत सांगितलं की झालं. मी तसा छान इंग्रजी अर्ज लिहिला. मला माझं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं मामलेदार कचेरीत गेलो. कारकून सज्जन होता. त्यानं अर्ज वाचला, मान डोलावली. "बरोबर आहे, बाई. ही काम करत नाही ना? मग आमचा काही संबंध नाही." टाक दौतीत बुडवता बुडवता त्यानं तिला मराठीत विचारलं, "तू नुसती स्वयंपाकपाणी बघतेस ना गं?"

ती ताठ उभी राहिली. "कोन म्हनलं? दगड कोन वर आनतंय मग? हे?" तिनं नवऱ्याकडे हनुवटी केली. "हे नुसतं फोडत्यात. हिरीतला एकूणएक दगड माज्या डोक्यावरनं आलाय, सायेब. हात बघा." आणि तिनं दोन्ही तळवे त्याच्या मेजावर ठेवले.

मी तिचा पदर ओढला. ती माझ्याकडेच वळली. "अक्का, तुमी असं लिवलं व्हय कागदात? मी काम करत न्हाय म्हनून?"

वडाऱ्यानं खाली बघितलं. त्यांच्यात बाई काम करत नाही असं म्हणणं म्हणजे काय, ते मला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. आळशी म्हणण्याइतकं ते साधं नव्हतं. जोडी मोडली म्हणण्यासारखं होतं.

कारकुनानं टाक खाली ठेवला. "आता मला लिहिणं भाग आहे. गाव कोणतं?"

"तळ्याचा बंधारा," ती म्हणाली. "आमच्या बापानं बांधला." नवऱ्याचं गाव सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. जिथे आईबापांनी काम केलं आणि आपण जन्मलो, ते आपलं ठिकाण. त्यात काही लपवण्यासारखं असतं, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

कारकून म्हणाला, "परवाना मिळणं कठीण आहे. बाईमाणसाची हमी कोण घेणार?"

इतका वेळ बाकावर बसलेल्या अव्वा उठल्या. "माजंबी लिवा. मी अक्कलकोटची."

"तुमचं कशाला, अव्वा?"

"जन्म तितला. राजा येगळा. लगीन करून हितं आले ते परवाना न काढता. आजपतुर कुनी इचारलं न्हाय. आता मलाबी हद्दीपार करा, हिच्यासंगं जाते."

कारकून हसला. "तुमचं वेगळं. तुमचं इथं घर आहे, नवऱ्याचं नाव आहे."

"हिचा नवरा ह्यो काय हुबा हाय," अव्वा म्हणाल्या. "माजा तर वारला. मग परकी कोन, ती का मी?"

आतून मामलेदारांनी बोलावलं. त्यांनी सगळं पडद्याआडून ऐकलं असावं. नियम मोडता येत नाही, ते म्हणाले. पण जागा अव्वांच्या नावावर आहे, त्या सरकारी पट्टी भरतात, तेव्हा हमी त्यांनी द्यावी. परवाना विहीर पुरी होईपर्यंत. विहीर झाली की बाईनं हद्दीपार जायचं. अव्वांनी अंगठा उठवला आणि शाईचं बोट लुगड्याला न पुसता धरून ठेवलं.

त्यानंतर अव्वांची घाई थांबली. त्या लिंबाखाली बसत होत्याच, पण वडारीण चढताना धापा टाकू लागली की म्हणत, "टेक की जरा. हीर कुटं पळतीय?" विहिरीला पाणी लागलं. बाळ आलं एका भर दुपारी, पालात. सुईण अव्वांनीच आणवली होती. मुलगी झाली. अव्वांनी माझ्याकडून पेटीतलं जुनं मऊ लुगडं मागून घेतलं आणि फाडलं.

विहिरीचं बांधकाम वर आलं, आणि मग अव्वांना एकामागून एक गोष्टी सुचू लागल्या. कठडा बुटका आहे, आणखी एक थर हवा. धुण्याचा दगड हवा. गुरांना पाणी प्यायला दगडी दोण हवी. उतरायला आणखी पायऱ्या हव्यात, जिथे कोणी उतरणार नव्हतं तिथेही. तुमचे आजोबा एकदा म्हणाले, "अव्वा, घर कधी बांधायचं? सगळा दगड विहिरीतच चालला."

"घराला काय घाई हाय?" अव्वा म्हणाल्या.

अव्वा काय करत होत्या, ते मला दिसत होतं, आणि वडाऱ्यालाही. त्याला ते आवडत नव्हतं. एका सकाळी तो हातातली छिन्नी खाली ठेवून आमच्यापुढे येऊन उभा राहिला. "अव्वा, काम झालं. आता नुसता दगडाला दगड लावतोय. असं काम आमच्या हातानं हुत न्हाय."

अव्वांनी पालाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अन् ती? पोर अंगावर घिऊन एकली जानार हद्दीपार?"

"एकली कशाला? मीबी चाललो. तिकडं पुलाचं काम निघालंय, सांगावा आलाय."

वडारीण पोरीला झोळीत घालत होती. ती हसायला लागली. "अव्वा, तिकडं मी घरची. परकं हे हुतील. तितला हवालदार इचारंल, ह्यो खालसातला बाप्या कुनाचा?"

"मग हमी कोन देनार?" अव्वांनी विचारलं.

"मी हाय की," ती म्हणाली. "तू दिलीस तशी. अंगठा मलाबी हाय."

वडाऱ्यानं तोंड फिरवलं. हसू लपवायला असावं.

तिकडे असा काही नियम होता की नव्हता, मला माहीत नाही. नियमाला माणसं दोन बाजूंना लावायची असतात, आणि यांना एकाच पालात राहायचं होतं, एवढं मला समजलं. ती दोघं सामान गाढवांवर बांधत होती तोवर अव्वा कठड्याला टेकून उभ्या होत्या. निघाली तशा त्यांच्याबरोबर वाटेला लागल्या. मी म्हटलं, "अव्वा, ऊन चढतंय." त्यांनी ऐकलं नाही. जकात नाक्यापर्यंत त्या वडारणीच्या बरोबरीनं, झोळीच्या बाजूनं चालत गेल्या, आणि तिथून ती तिघं दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या.