अर्धं राहिलेलं मानपत्र

सुप्रीम कोर्टात कुणाचं तरी नाव न्यायाधीश म्हणून गेलं आणि तो माणूस तुमच्या भाषेचा निघाला, तर हार घालण्याआधी तुम्ही त्याचा एक तरी निकाल वाचता का? खरं सांगा. मी वाचला होता, तोही एकच, आणि वाचावा लागला म्हणून. शारजातल्या आमच्या मंडळात दीडशे कुटुंबं. त्यातलं एक घर सोडलं, तर कुणीच वाचला नव्हता.

ही २००१ च्या मार्चमधली गोष्ट. मुंबईचा पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायचा. त्यात बातमी होती की मुंबई हायकोर्टातल्या एका न्यायमूर्तींचं नाव सुप्रीम कोर्टासाठी पुढे गेलंय. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. कोर्टाची बेअदबी म्हणजे काय ते मला पक्कं कळतं. आपण त्यांना साहेब म्हणू.

त्या दिवशी फोन थांबेनात. आपला माणूस दिल्लीत चालला. एकाची मावशी साहेबांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायची, दुसऱ्याच्या सासऱ्यांनी त्यांना कॉलेजात शिकवलं होतं, तिसऱ्यानं ऑफिसात केक कापला आणि केरळच्या मॅनेजरला सुप्रीम कोर्ट समजावून सांगितलं. त्यात साहेबांची भाची दुबईत राहणारी. एप्रिलमध्ये ते तिच्याकडे येणार होते. मग काय, मंडळाचे अध्यक्ष सूर्यकांत यांनी सत्कार जाहीर करून टाकला, आणि मानपत्रासाठी नेहमीप्रमाणे विभावरीला फोन केला.

विभावरी उम्म अल कुवैनला एका शाळेच्या ऑफिसात होती. सर्टिफिकिटांवर मुलांची नावं हातानं घालायची. देवनागरी तर असं लिहायची की छापखानेवाल्यानं धंदा बंद करावा. बारा वर्षं मंडळाचं प्रत्येक मानपत्र तिनं लिहिलं. गायक आले, डॉक्टर आले, कुणाकुणाच्या साठ्या झाल्या. सगळ्यांच्या भिंतीवर तिचं अक्षर, आणि खाली सही अध्यक्षांची.

"वहिनी, मजकूर मी पाठवलाय," सूर्यकांत म्हणाले. "हस्तिदंती कागद आणलाय, एक शीट पंचवीस दिरहॅम, म्हणजे तीनशे रुपये झाले. सांभाळून लिहा, दुसरा नाहीये."

ती हो म्हणाली. बारा वर्षांची सवय, दुसरं काय.

आता मागचं सांगते. विभावरीची धाकटी बहीण लतिका पुण्यात दिलेली. १९९४ साली ती चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून पडली आणि गेली. नवरा म्हणाला, वाळवणं काढायला गेली, तोल गेला. विभावरीकडे लतिकाची सात पत्रं होती. त्यातल्या एकात लिहिलं होतं, "हे मला कठड्यापाशी नेऊन उभं करतात आणि म्हणतात, खाली बघ. मी बघते. मग म्हणतात, चल, चहा ठेव."

पुण्याच्या कोर्टात केस उभी राहिली. विभावरीला साक्षीला बोलावणं आलं. तिचा पासपोर्ट शाळेच्या तिजोरीत. प्रिन्सिपल म्हणाले, परीक्षा होऊ देत, मग इन्शाल्ला. नवरा विलास म्हणाला, नोकरी गेली तर इराच्या शाळेच्या फीचं काय. इरा म्हणजे त्यांची मुलगी. मग विभावरी माझ्याकडे आली.

मी रास अल खोरला टायपिंगच्या दुकानात बसते. व्हिसाचे फॉर्म, कॅन्सलेशन, कंपन्यांची पत्रं. शाळा नववीपर्यंत. कायदा मी लोकांचे कागद टाइप करता करता शिकले, आणि ज्यांचा पगार किंवा पासपोर्ट अडकला त्यांच्यासाठी भांडत आले. इथे मोर्चा काढता येत नाही, म्हणून अर्ज काढते. चाळीस माणसांना मी त्यांचे पासपोर्ट परत मिळवून दिलेत. विभावरीचा मिळवून देता आला असता का? आला असता. पंधरा दिवस लागले असते, आणि तिची नोकरी बहुतेक गेली असती. मी तिला म्हटलं, "जायची गरज नाही. अटेस्टेशन करून टाकू."

इथे राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. डिग्रीवर शिक्का, लग्नाच्या दाखल्यावर शिक्का, शिक्क्यावर शिक्का. विलासचा डिप्लोमा पाच शिक्के बसल्यावर खरा ठरला, तोवर तो हेल्पर होता. आम्हाला वाटायचं, जगात सगळीकडे असंच चालतं. मी प्रतिज्ञापत्र टाइप केलं, सातही पत्रं त्याला जोडली, नोटरी केली, कॉन्सुलेटचा शिक्का घेतला, कुरिअरनं पुण्याला पाठवलं आणि तिला म्हटलं, खलास, झालं काम.

पुण्याच्या कोर्टानं शेजारणीच्या साक्षीवर नवऱ्याला शिक्षा दिली. तो हायकोर्टात गेला आणि १९९८ ला सुटला. निकाल साहेबांनी लिहिलेला, अकरा पानांचा. मी डिक्शनरी घेऊन तीन दिवस वाचला. कागदाची उलटतपासणी घेता येत नाही, सबब पत्रं पुराव्यात धरता येत नाहीत. ठीक. मला राग आला, पण कायदा तसाच आहे, हे मी नंतर चार वकिलांना विचारून घेतलं. चूक माझी होती, आणि ती मी विभावरीकडे कबूल केली आहे.

पण नवव्या पानावर साहेब तिथे थांबले नाहीत. त्यांनी लिहिलं, सख्खी बहीण परदेशातल्या सुखसोयी सोडून साक्षीला येत नाही, यावरून या पत्रांना ती स्वतःच किती किंमत देते हे दिसतं. या वाक्याची निकालाला काही गरज नव्हती. ते काढलं असतं तरी आरोपी सुटलाच असता. ती कुठे राहते, तिचा पासपोर्ट कुणाकडे असतो, काही न विचारता बाईच्या कपाळावर ते वाक्य मारून साहेब पुढच्या पानावर गेले.

विभावरीनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मंडळात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, बहीण अपघातात गेली.

तर ती मानपत्र लिहायला बसली. अर्ध्यावर आली आणि सूर्यकांतांचा मजकूर पुढे असा होता, "स्त्रियांच्या दुःखाची अचूक जाण असलेले आपण." ती 'जाण' पर्यंत आली आणि टाक खाली ठेवला. इरा तेव्हा सतरा वर्षांची. ती मागे उभी होती. तिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "मम्मा, जस्ट डोंट."

शुक्रवारी सकाळी सूर्यकांतांच्या हॉलमध्ये सत्काराची मीटिंग होती. विभावरी आली, मीही तिच्याबरोबर गेले. तिनं अर्धं मानपत्र टीपॉयवर ठेवलं आणि निकालाच्या वीस झेरॉक्स खुर्च्यांवर वाटल्या. म्हणाली, "मला हे पूर्ण होत नाही. का होत नाही ते नवव्या पानावर आहे. मला बाकी काही नको. सत्कार करा. फक्त हे वाचून कुणीतरी एकानं म्हणावं की हे वाक्य खोटं आहे."

कुणी पान उलटलं नाही.

"वहिनी, जजमेंट इज जजमेंट," सूर्यकांत म्हणाले. "आपण कोण ठरवणार? आणि हा समाजाचा मान आहे, त्यात पर्सनल नको ना."

"पर्सनल तुमच्या साहेबांनी केलंय," मी म्हटलं. "तिनं नाही."

"ताई, तुम्ही प्लीज दुकानातली भाषा इथे नका आणू."

"दुकानातच बोलते हो मी. तुमच्या ड्रायव्हरचा पासपोर्ट तुमच्या कंपनीकडून सोडवायला आले होते तेव्हा हीच भाषा होती, तेव्हा चालली."

कुणीतरी हसलं, लगेच थांबलं. मग कोपऱ्यातून मिहिका बोलली. ती मंडळाची खजिनदार, बँकेत मोठ्या पदावर. आवाज अगदी मऊ. "विभावरी, राग मानू नकोस गं. पण तू साक्षीला गेली नाहीस, हे तर खरंच आहे ना?"

विभावरीनं तिच्याकडे बघितलं. "हो," म्हणाली. "नाही गेले."

"मग?"

या 'मग'चं उत्तर माझ्याकडे होतं, पण तिनं माझा हात दाबून धरला. ती उठली, मानपत्र तिथेच सोडून निघाली. जिन्यात मला म्हणाली, "ती बरोबर बोलली. तोच तर त्रास आहे."

त्या आठवड्यात मी राष्ट्रपतींच्या नावानं अर्ज टाइप केला. नेमणूक थांबवा असं लिहिलं नव्हतं, तेवढी अक्कल मला आहे. एवढंच लिहिलं की ज्या बाईचं म्हणणं ऐकलंच नाही तिच्याविषयी असं वाक्य लिहिणाऱ्याला त्याचा जाब विचारला जावा. सह्यांसाठी मी अजमानपासून उम्म अल कुवैनपर्यंत दारं वाजवली. लोकांनी चहा दिला, चकल्या दिल्या. "अर्ज छान लिहिलाय हो, पण आमचं नाव नको. हबीबी, इथे राहायचंय आपल्याला." सही भारतातल्या अर्जावर आणि भीती इथल्या नोकरीची, हे कोडं मला तेव्हाही सुटलं नाही. शेवटी दोन सह्या झाल्या, तिची आणि माझी. इराची मी घेतली नाही, अठराची नव्हती म्हणून. उत्तर आलं नाही.

सत्कार झाला. तीनशे माणसं होती म्हणतात. मानपत्र दुबईत कॉम्प्युटरवर करून घेतलं, सोनेरी बॉर्डरचं. मंडळाच्या अंकात फोटो आला. साहेब मध्ये, सूर्यकांत शेजारी, आणि मागच्या रांगेत डावीकडून चौथा विलास. तो सूर्यकांतांच्या कंपनीत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "गेलो नसतो तर डोळ्यावर आलं असतं." मी त्याच्याशी आजही बोलत नाही. विभावरी बोलते. तिला घर चालवायचं असतं. महिन्याभरात साहेबांची नेमणूकही झाली.

मंडळानं तिला पुन्हा कधी बोलावलं नाही. ती शाळेत अजून मुलांची नावं घालते. मधे एकदा मला विचारलं, "मी गेले असते तर तो आत असता का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. खोटं बोलायला हवं होतं बहुतेक, पण ते मला कधी जमलं नाही.

मीटिंग संपल्यावर त्या वीस झेरॉक्स मी खुर्च्यांवरून गोळा केल्या होत्या. एकीवर चहाच्या कपाचा डाग आहे, बाकीच्या कोऱ्या करकरीत. दुकानाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका, मी एक पाठवून देते. अकरा पानं आहेत, तासाभरात होतात. नववं पान नीट वाचा, आणि ते वाक्य तुम्हाला खरं वाटतं की खोटं, एवढं लिहून तिला कळवा. खरं वाटलं तरी कळवा. पण वाचल्याशिवाय कळवू नका.