जपानी मालिकेचा अकरावा भाग
नगरमधल्या आमच्या गल्लीतली विडी कारखान्याची शाखा गेल्या वर्षी दिवाळीनंतर बंद झाली. घरी वळलेल्या विड्या घेण्याचे काम दुसऱ्या शाखेत गेले. तिथे निम्म्याच बायका घेतल्या. आईचे नाव यादीत नव्हते.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. यादी मला ती लागण्याच्या चार दिवस आधीच कळली होती. आमच्या वार्ताहराने दोन ठिकाणी विचारून खात्री केली होती. आईला मी सांगितले नाही.

त्या महिन्यात मी कामावर जाण्याआधी, दुपारी, आम्ही मोबाईलवर एक जपानी मालिका पाहत होतो. पंधराव्या वर्षी मोज्यांच्या कारखान्यात लागलेल्या बाईची गोष्ट. यंत्रे बदलतात, मालक बदलतात, ती तिथेच म्हातारी होते. संवाद जपानी, खालच्या ओळी इंग्रजी. मी त्या मराठीत सांगायची. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पानात तंबाखू भरून दोरा बांधेपर्यंत तिला खाली पाहावे लागत नसे. शेजारच्या मावशीही त्यांचे सूप घेऊन येत.

“जपानची बाई लई हळू हाय,” मावशी एकदा म्हणाल्या. “आपल्या मुकादमानं दुसऱ्या दिवशी हाकलली असती.”

“तू गप वळ,” आई म्हणाली. “काल तुझी निम्मी टोपली त्यानं खराब म्हणून छाटात काढली.”

मावशी गेल्यावर आईने विचारले, “मला घेतील ना गं तिकडं?”

“बघू,” मी म्हणाले.

अकराव्या भागात साहेब बायकांना रांगेत उभे करतो आणि कारखाना बंद होत असल्याचे सांगतो. मी सांगितले, “नवीन यंत्रं येणार आहेत, उद्या सगळ्यांनी वेळेवर यायचं.” पडद्यावर ते वाक्य नव्हते.

ती बाई यंत्रावरचे सूत सोडवून यंत्र पुसत होती. आई तिच्या हातांकडे पाहत होती.

“नवीन यायचं असतं तर हिनं जुनं एवढं कशाला पुसलं असतं? बंद पडला ना?”

मी हो म्हणाले.

“आन आमची यादी?”

“आली.”

तिने हातातल्या विडीला दोरा बांधला.

“शेजारणीचं नाव हाय?”

“आहे. मावशींचं वय कमी आहे.”

“तिची निम्मी छाटात जाते,” आई म्हणाली.

सुपातली पाने संपवून ती पाच वाजता विड्या द्यायला शाखेत गेली. तिचा शेवटचा माल शाखेने त्याच आठवड्यात, शनिवारी घेतला.