शोभाताईंचा डावा हात

शोभाताईंचं कोणाशी म्हणून पटलं नाही, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. नंदनवन वस्तीत वीस वर्षं मिरची-कांडप चालवलं. भिवापुरी म्हणून दुसरीच मिरची खपवू पाहणाऱ्याची त्या भर रस्त्यात अब्रू काढत. पाच वर्षांपूर्वी मूत्रपिंडं गेली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस मागे लागलं.

त्यासाठी डाव्या हाताची शीर धमनीला जोडलेली. ती नीट वाहत असली की बोटांखाली बारीक थरथर लागते. उजव्या हाताच्या शिरा केव्हाच कामातून गेलेल्या, म्हणजे सगळी भिस्त या एकाच हातावर. थरथर जाऊन तिथे ठणठणीत ठोके लागू लागले, तेव्हा बाईंना वाटलं, हात आणखी दणकट झाला. महिनाभर मिरवल्या. सून रितिकानं शंका काढली तर तिलाच फटकारलं, "मिरची कांडलेला हात आहे माहा, तुले काय समजते वं?" खरं तर शीर पुढे तुंबली होती.

डॉक्टर अनिशनं बारीक नळीवरून शिरेत फुगा नेला. साधा फुगा मधोमध आवळलेलाच राहिला, म्हणून जास्त दाबाचा घातला. तो दोन मिनिटं फुगवून धरायचा होता.

"सोड! नाही तं कोर्टात खेचीन तुले!" बाई किंचाळल्या. अनिश घाबरला, अर्ध्या मिनिटातच फुगा उतरवला. तीन आठवड्यांत शीर पुन्हा तुंबली. आता उघडली नाही तर हात संपला, मग डायलिसिससाठी मानेत नळी.

या खेपेला टेबलावर पडताच त्यांनी बजावलं, "मी शिव्या देईन, पाया पडीन, पण सोडू नको."

फुगा चढला. बाईंनी अनिशच्या सात पिढ्या उद्धरल्या, रितिकाच्या माहेरालाही सोडलं नाही, शेवटी "सोड गा, पाया पडते" म्हणत ढसाढसा रडल्या. अनिश घड्याळाकडे बघत राहिला. पडद्यावर आवळलेला फुगा एकदम सरळ झाला.

सगळं आटोपल्यावर त्यांनी बोटं हातावर टेकवली. थरथर होती. आता तरी चार गोड शब्द बोलतील, असं अनिशला वाटलं.

"त्या दिवशी काहून सोडला गा?"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या, मावशी."

"मले दुखून राहिलं होतं म्हणून म्हटलं. डॉक्टर तू होता ना?"