तोंडात खिळे धरणारे भाऊजी

माझे धाकटे दीर सोफे करतात. नवे करतात, जुन्यांना नवं कापड चढवतात, आणि दिवसभर तोंडात खिळे धरून बसतात. म्हणजे खरेच खिळे. बारीक, काळे, मूठभर तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठावर आणायचा, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. त्यांच्या उस्तादाने तसंच शिकवलेलं. एक हात कापड ताणायला, एक हातोडीला, मग खिळे ठेवायला उरलं काय? तोंड.

सुरुवात अशी कामाची म्हणून झाली. पुढे भाऊजींच्या ध्यानात आलं की तोंडात खिळे असले की माणसाला कोणी काही विचारत नाही. सोफा कधी मिळणार म्हणून गिऱ्हाईक यायचं, हे खिळे दाखवायचे. लग्नाचं काय ठरवलंस म्हणून सासूबाई यायच्या, पुन्हा खिळे. जेवताना तेवढे काढायचे, पण जेवताना बोलू नये असं सासूबाईंनीच शिकवलेलं. त्यांचं बाकी काही ऐकलं नाही, तेवढं मात्र आयुष्यभर पाळलं. लग्न झालं नाही ते नाहीच. मुलीच्या बापाने विचारलं, आपण काय करता, तर हे म्हणाले, 'हूं.'

त्यांची जीभ म्हणजे मी. खाली दुकान, वर आम्ही, मधे जिना. 'हूं' म्हणजे हो, 'हूंहूं' म्हणजे नाही, आणि लांबट 'हूंऽऽ' म्हणजे वहिनी, चहा. गिऱ्हाइकाशी भाव मी करायची, भांडण मी करायची. तुझे आजोबा म्हणायचे, त्याच्या वाटचंही तूच बोलतेस म्हणून घरात इतका आवाज आहे. हे नको लिहू. बरं, लिही, त्यांना चष्मा कुठे सापडतोय.

तर एकदा दुकानात एक बाई आल्या. केस पुरुषासारखे आखूड, दोन्ही खिसे फुगलेले, आणि अंगाला कुत्र्याचा वास. खिशात कुत्र्यांची बिस्किटं होती हे नंतर कळलं. त्यांच्या सोफ्याचे हात कुरतडून भुगा झाला होता, म्हणून सोफा टेम्पोत घालून आणला होता. मागोमाग भुगा करणारीही आली. मी बघतच राहिले. अंग दोन कुत्र्यांचं आणि पाय एकाचेही पुरेसे नाहीत. त्यात गाभण, पोट फरशी पुसत चाललेलं. मी म्हटलं, "बाई, हिचे पाय काय झिजले का हो?"

"जातच तशी आहे. अस्सल आहे," बाई म्हणाल्या.

ती अस्सल बया सरळ भाऊजींच्या पायाशी गेली, त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकली आणि झोपली. भाऊजींनी मग तो पाय हलवला नाही. सगळं माप मला घ्यायला लावलं. मी टेप धरून सोफ्याभोवती फिरतेय आणि हे बगळ्यासारखे उभे.

बाई गेल्या, आणि भाऊजींनी तोंडातले खिळे तळहातावर काढले. मी घाबरले. मागे त्यांनी असे भर कामात खिळे काढले होते ते सासूबाई गेल्या तेव्हा.

"वहिनी," म्हणाले, "मला हिचं पिल्लू पाहिजे." आणि खिळे परत तोंडात.

इतक्या वर्षांत ह्या माणसाने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. आईच्या पोटात असताना तरी काही मागितलं असेल की नाही कोण जाणे.

पिल्लं झाल्याचं कळल्यावर आम्ही दोघं बाईंच्या घरी गेलो. मला वाटलं, टोपलीतून एक उचलायचं आणि यायचं. बाईंनी आम्हाला हात धुवायला लावले, चपला बाहेर काढायला लावल्या, आणि पिल्लांच्या खोलीचं दार लावून स्वतः दारासमोर खुर्ची टाकून बसल्या. मग चौकशी सुरू. दिवसभर घरी कोण असतं? आजारी पडलं तर कोण बघणार? जिना आहे का? सगळी उत्तरं मी दिली. भाऊजी खिळे घेऊनच आलेले, सवयीने.

"या जातीची पाठ लांब," बाई म्हणाल्या. "उंचावरून उड्या मारल्या, जिने चढले उतरले, की मणके जातात. मी आई-बाप दोघांच्या हाडांचे फोटो काढून, डोळे तपासून, मगच जोडी लावते."

मी म्हटलं, "आमच्या वेळी नवऱ्याचे पुढचे दात हलताहेत हेसुद्धा कोणी तपासलं नव्हतं."

बाई हसल्या, पण खुर्चीवरून उठल्या नाहीत. "सोफेवाल्याच्या घरी हे पिल्लू द्यायचं म्हणजे चारी बाजूंनी उड्या मारायला जागा. आधी तुमचं दुकान बघते. मग सांगते. आणि दुसरीकडून घेणार असाल तर एक करा, आई दाखवत नसेल त्याच्याकडून घेऊ नका."

घरी तुझ्या बापाने ऐकलं तर तो म्हणाला, "एवढं काय त्यात, मोबाईलवर मागवू." मी गुपचूप बाजारातल्या एका पिंजरेवाल्याकडेही जाऊन आले. पिल्लं होती त्याच्याकडे, झोपाळलेली, डोळ्यांत चिपडं. विचारलं, ह्यांची आई कुठे? तर म्हणतो, गावाला गेलीय. मी तशीच परत आले. आणि भाऊजींना कसलंही कुत्रं नकोच होतं. चपलेवर झोपणारीचंच पाहिजे होतं.

बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून दुकानातून करवतीचा आवाज. मला वाटलं काम आलंय. दुपारी तुझे आजोबा वर आपल्या नेहमीच्या सोफ्यावर नेहमीसारखे धपकन बसायला गेले, आणि सोफा जिथे असायचा तिथे नव्हता, बराच खाली होता. तिथून त्यांनी जी हाक मारली ती गल्लीभर गेली. भाऊजींनी घरातल्या, दुकानातल्या, झाडून सगळ्या सोफ्यांचे पाय कापले होते. पिल्लाला उडी मारायला उंचीच नको. त्या भरात दातांच्या डॉक्टरांचाही सोफा कापला. तो त्यांच्या बाहेरच्या खोलीत पेशंटांना बसायला होता आणि संध्याकाळी पोचवायचा होता.

"भाऊजी, तो आपला नव्हता," मी म्हटलं.

ते सोफ्याकडे बघत राहिले. "हूं," म्हणाले. ह्या 'हूं'चा अर्थ मलाही नवा होता.

तसाच पाठवला. डॉक्टर फोनवर आधी तापले, मग चार दिवसांनी स्वतःच म्हणाले, राहू द्या, बसलेला माणूस पटकन उठून पळून जात नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, हातात झाकणाची टोपली. बुटके सोफे बघितले, हसू दाबलं. जिन्याच्या तोंडाशी भाऊजींनी लाकडी फाटक ठोकलं होतं, ते हलवून बघितलं. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात बाई खाली वाकल्या आणि फरशीवरून तळहात फिरवला. हात वर केला तर दोन खिळे चिकटलेले.

"हे तिच्या पोटात गेले तर?"

"मी झाडते ना रोज," मी म्हटलं, "आज जरा गडबडीत..."

"आजी, तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. "ह्यांना बोलू दे."

मला थांबा म्हणणारं माणूस सासूबाईंनंतर हेच पहिलं. मी तोंड मिटलं.

बाईंनी टोपली उघडली आणि गळ्यात हिरवी फीत बांधलेलं पिल्लू बुटक्या सोफ्यावर ठेवलं. "हाक मारा," म्हणाल्या.

भाऊजी म्हणाले, "हूं."

पिल्लाने ढुंकून बघितलं नाही. भाऊजी पुन्हा म्हणाले, "हूं, हूं." पिल्लू वळून माझ्याकडे निघालं. मघाशी बडबड मी केली होती ना.

"हे पिल्लू आजींचं होणार, तुमचं नाही," बाई म्हणाल्या. "आणि उद्या रस्त्यावर हातातून सुटलं, समोरून गाडी आली, तर तुम्ही आधी खिळे काढणार आणि मग हाक मारणार का? राग मानू नका. मी दुसरं घर बघते." आणि त्यांनी पिल्लू उचलून टोपलीत ठेवलं.

भाऊजींचा चेहरा मी बघितला. मला बोलायचं होतं, पण बोलले असते तर तेच खरं झालं असतं. मी पदर तोंडात धरला.

भाऊजींनी हातावर खिळे काढले. मग गालातून आणखी काढले. तिथेही साठा होता. सगळे पत्र्याच्या डब्यात टाकले, झाकण दाबलं, डबा फळीवर वर ठेवला. सोफ्यासमोर फरशीवर मांडी घातली. नाव तर ठेवलेलं नव्हतं, मग हाक कशी मारायची? म्हणाले,

"ऐकलंस का?"

जन्मभर बायको नव्हती, पण हाक बरोब्बर तीच. टोपलीतून एक कान वर आला.

"ऐकलंस का, ये इकडे. हे बघ, आत स्प्रिंग आहेत, त्यावर काथ्या, त्यावर फोम. फोम कुरतडायचा नाही. काथ्या चालेल, पण जुना. आणि ही वहिनी, हिच्या पुढे पुढे करू नकोस, ही सगळ्यांशी बोलते." सुरूच झाले. बाईंनी टोपली आडवी केली. पिल्लू आधी निम्मं बाहेर आलं, मग बऱ्याच वेळाने उरलेलं, आणि जाऊन भाऊजींच्या पायावर हनुवटी टेकून बसलं.

बाई म्हणाल्या, "हिचा भाऊ शांत आहे, मुद्दामच आणला नाही. तुमच्याकडे गप्प कुत्रं दिलं असतं तर दोघं मिळून भिंत झाली असती." मग त्यांनी अटी सांगितल्या. खिळे डब्यात, तोंडात नाही. फरशीवर रोज चुंबक फिरवायचं. आणि कधीही, कुठल्याही कारणाने नको झाली तर दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, बाईंकडे परत आणायची. टोपली मात्र त्या दिवशी रिकामी गेली.

तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. नाव 'ऐकलंस का'च पडलं. भाऊजी चुंबकाच्या वाटीत खिळे ठेवतात आणि बोलतात. आयुष्यभर साचलेलं सगळं बोलतात. गिऱ्हाईक सोफा कधी मिळणार विचारायला येतं, तर त्याला आधी काथ्याचे प्रकार ऐकावे लागतात. तुझे आजोबा कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात. आणि मला, बाळा, जेवताना एक वाक्य पुरं करू देत नाहीत.

परवा मी बाईंना फोन केला. म्हटलं, "तुम्ही परत घेता म्हणाला होतात ना?"

बाईंचा आवाज एकदम उतरला. "काय झालं, 'ऐकलंस का' नको झाली?"

"ती राहू दे. दीर घेता का?"

बाई म्हणाल्या, "आई बघितल्याशिवाय मी कोणालाच घेत नाही."

सासूबाईंचा फोटो मी भिंतीवरून उतरवून पुसून ठेवलाय. बाई आल्या की दाखवते.