मर्यादा काढल्यावर

रुग्णालयाचा संगणक विभाग वहिनीने उभा केला होता. तिचा धाकटा दीर तिथेच साहेब होऊन आला, तेव्हापासून सगळेच तिला वहिनी म्हणू लागले. त्याच्या नोकरीसाठी शब्द तिनेच टाकला होता.

तळघरातल्या गारठलेल्या खोलीत एकच मोठा सर्व्हर होता. त्याच्या पोटात रक्तपेढी, औषधं, एक्स-रे अशी निरनिराळी आभासी मशीन, म्हणजे एकाच यंत्रात मांडलेले वेगवेगळे संगणक, चालायची. एखाद्या मशीनला लागेल तेवढी मेमरी कुलूपबंद करता येते. मग ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही. काम झटपट होतं, पण हाव सुटली तर शेजारी उपाशी मरतात. म्हणून वहिनीने प्रत्येकाला मर्यादा घालून दिली होती.

दिराच्या नव्या आकडेवारीच्या मशीनला ती पुरेना. विश्वस्तांना आकडे दाखवताना पडदा अडखळला आणि तो तणतणत खाली आला.

"वहिनी, मर्यादा काढून टाका."

"भावजी, थोडी वाढवून देते. पार काढली तर बाकीच्यांचा गळा आवळला जाईल."

"घरचीच माणसं आडवी यायला लागली तर मी कुणाकडे बघायचं?"

हे त्याला नेमकं जमायचं. तिने मर्यादा काढली.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, त्याच्या मशीनने होती नव्हती ती मेमरी अडवली. सर्व्हरचा जीव गुदमरला आणि त्याने रक्तपेढीचं मशीन बंद पाडलं. वर एक बाळंतीण टेबलावर होती. कुठली पिशवी तिच्यासाठी ठेवलीय ते शोधायला माणसं फ्रीज धुंडाळत बसली. वहिनीने धावतपळत मर्यादा परत लावली, मशीन उठवलं. बाई वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. मूल तर आधीच गेलं होतं.

चौकशीत दीर म्हणाला, "सेटिंग त्यांच्याच हातात असतं." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

घरी नवऱ्याने ताटावरून मान वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्याचं आत्ता कुठे बस्तान बसतंय. तू मोठी आहेस, घे सांभाळून."

तिने घेतलं. दोष कबूल केला. तिला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. एक्स-रे डावीकडे, लिफ्ट उजवीकडे, हेच सांगत निवृत्त झाली.

तेव्हापासून घरीही ती दिराला साहेबच म्हणते. सासूबाई थट्टा समजून हसतात. तो मात्र तिच्याकडे पाणीसुद्धा मागत नाही.